ज्या कपड्यात असाल त्या कपड्यात

“शेजारी कुणी येऊन बसलं तर चालेल ना तुम्हाला?” डॉ. इनामदार बाईंनी विचारलं.

मी नुसती मान हलवली. डाव्या हाताच्या शिरेत नुकतीच सुई बसली होती आणि माझं सगळं लक्ष वर टांगलेल्या बाटलीकडं होतं. पाण्यासारखं नितळ औषध. ना रंग, ना वास. एवढ्याशा पाण्यानं कॅन्सर जातो, यावर माझा काडीचा विश्वास नव्हता.

त्याला आता बरीच वर्षं झाली. तेव्हा माझं वय पन्नाशीच्या आतबाहेर. जयसिंगपुरात आमचा मांडवाचा धंदा. भूपाल मगदूम म्हटलं की शिरोळ तालुक्यात लग्नकार्यवाली माणसं ओळखायची. बांबूवर सरसर चढणारा मी, त्या वर्षी दोन पायऱ्या चढलो तरी धापा टाकायला लागलो. पोटात डावीकडं विटेसारखं काहीतरी जड लागायचं. तपासण्या झाल्या, कमरेच्या हाडात सुई घालून आतलं रक्त काढलं आणि शेवटी मिरजेला इनामदार बाईंच्या समोर जाऊन बसलो.

बाईंनी आजाराचं नाव सांगितलं. हेअरी सेल ल्युकेमिया. मला काही कळलं नाही, ते त्यांच्या लक्षात आलं असावं. म्हणाल्या, “या, दाखवतेच.” आणि मला आतल्या खोलीत सूक्ष्मदर्शकापाशी बसवलं.

मी एक डोळा मिटून बघितलं. जांभळट गोल गोल पेशी. त्यातल्या कितीतरी पेशींच्या कडांना बारीक कुसळं फुटलेली. प्रत्येकीला जणू केस आले होते.

“हे माझ्यातलं?” मी विचारलं.

“तुमच्यातलंच. या केसांवरूनच नाव पडलंय.”

माझ्या अंगात असलं काही वाढतंय आणि मी त्याच अंगानं इतके दिवस मांडव उभे करतोय, याचं मला भयापेक्षा नवलच जास्त वाटलं. राजमतीला, माझ्या बायकोला म्हटलं, “तू पण बघ.” तिनं बघितलं नाही. पदर तोंडाला लावून दाराशीच उभी राहिली.

“फार थोड्यांना होतो हा रोग,” बाई म्हणाल्या. “लाखातही एखादा सापडत नाही. रक्ताचाच कॅन्सर आहे, पण याला औषध चांगलं आहे. पाच दिवस रोज दोन तास इथं यायचं, सलाईनमधून औषध घ्यायचं, संध्याकाळी आपल्या घरी.”

“आणि मग?”

“मग वाट बघायची. औषध वाईट पेशी मारतं, त्याबरोबर चांगल्याही पडतात. पुढचे काही आठवडे अंगात लढायला कुणी नसतं. त्या काळात ताप आला तर लगेच इकडं यायचं. लगेच म्हणजे लगेच.”

आम्ही हो म्हणालो. डॉक्टर सांगतात आणि आपण हो म्हणतो, तसं.

तर त्या पहिल्या दिवशी मी खुर्चीत पाय लांब करून पडलो होतो. हॉलमध्ये तशा सात-आठ खुर्च्या, प्रत्येकीत कुणीतरी, प्रत्येकाच्या वर एक बाटली. सातपुते सिस्टर या खुर्चीकडून त्या खुर्चीकडं फिरत होत्या. राजमती बाहेर बसली होती. माझ्या शेजारच्या स्टुलावर एक धिप्पाड माणूस येऊन बसला. तोंडाला मास्क, पण मिशा मास्कच्या दोन्ही बाजूंनी बाहेर आलेल्या.

“नमस्कार ओ. बिरादार. जतचा. धान्याची आडत हाय आमची.”

“मगदूम. जयसिंगपूर.”

“काय करता?”

“मांडव.”

“आयला!” तो खूश झाला. “आमच्या पुतण्याच्या लग्नात वावटळ आली होती बगा. मांडव उडाला तो थेट शेजारच्या मळ्यात. खाली जेवाय बसलेली माणसं हाललीसुद्धा नाहीत. म्हणाली, ऊन लागतंय, पण बुंदी वाढा.”

मी हसलो. कितीतरी दिवसांनी हसलो असेन. मग त्यानं विचारलं, मांडव उडू नये म्हणून तुम्ही काय करता, आणि मी दोन तास त्याला ताण कसे द्यायचे, मेख कुठं ठोकायची, हे सांगत बसलो. बाटली संपली. सिस्टरांनी सुई काढली. तो माणूस उठला, “येतो,” म्हणाला आणि निघून गेला. त्याचा कुणी पेशंट आत असावा, वेळ जात नव्हता म्हणून माझ्याशी बोलत बसला असावा, असं मी धरून चाललो. मला काय झालंय हे त्यानं विचारलंच नाही, ते मात्र मला बरं वाटलं. घरी येणारा-जाणारा प्रत्येकजण तेवढंच विचारायचा.

दुसऱ्या दिवशी इचलकरंजीचा एक तरणा यंत्रमागवाला येऊन बसला. तो फारसा बोलला नाही. मोबाईलवर मला त्याच्या मुलीचा नाच दाखवला.

तिसऱ्या दिवशी ती बाई आली.

काठाची साधी सुती साडी, कपाळ मोकळं, मास्कच्या वर दोन बारीक डोळे. भुवयांवर पांढरं काहीतरी लागलेलं. आल्या आल्या तिनं स्टूल माझ्या अगदी जवळ ओढलं.

“मी शालन कोळेकर. कवठेमहांकाळची. ताप मोजायचं यंत्र घेतलंय का?”

माझं नाव-गाव विचारणं नाही, काही नाही. मी जरा बिचकलोच.

“घेतलंय की.”

“कुठं ठिवलंय?”

“घरी. कपाटात असेल.”

“कपाटात न्हाई ठेवायचं. खिशात. कामावर जाताय, खिशात. देवळात जाताय, खिशात.”

“बरं,” मी म्हणालो. प्रत्येक दवाखान्यात अशी एखादी बाई असतेच, सगळ्यांना सल्ले देणारी.

“आणि ताप आला तर काय करणार?”

“आता ताप म्हटल्यावर... एक गोळी घ्यायची, पडून राहायचं. नाहीच उतरला तर सकाळी उठून दवाखान्यात.”

तिनं माझ्या खुर्चीचा हात धरला. मी तिच्या बोटांकडं बघत होतो. नखं पांढरी पडली होती, इतकं घट्ट धरलं होतं.

“गोळी न्हाई,” ती हळू आवाजात म्हणाली. “सकाळ न्हाई. ताप आला की ज्या कपड्यात असाल त्या कपड्यात निघायचं. म्हणा.”

“काय म्हणू?”

“ज्या कपड्यात असाल त्या कपड्यात.”

शेजारच्या खुर्चीतला म्हातारा आमच्याकडं बघायला लागला होता. मला लाज वाटली. पण त्या बाईच्या नजरेत असं काही होतं की मी शाळेतल्या पोरासारखं म्हणालो, “ज्या कपड्यात असेन त्या कपड्यात.”

“आंघोळीला बसला असाल तर?”

“तर... टॉवेलवर.”

“हां,” ती म्हणाली. मग दोन तास ती तिथंच बसून राहिली. मधे एकदा माझ्या पायावरची चादर सारखी केली, एकदा सिस्टरांना हाक मारून बाटलीतला थेंब हळू पडतोय का ते विचारलं. जाताना पुन्हा मागं वळून म्हणाली, “बाहेर बसल्यात त्या तुमच्या मालकीण न्हवं? त्यांना पण सांगते.” आणि राजमतीकडूनही तिनं ते म्हणवून घेतलं.

गाडीत बसल्यावर राजमती म्हणाली, “डोकं जरा फिरलेलं दिसतंय हो बिचारीचं.”

“दिसतंय,” मी म्हणालो.

पण यंत्र मी खिशात ठेवायला लागलो. का, ते मलाही सांगता यायचं नाही.

चौथ्या दिवशी एसटीतले एक रिटायर कंट्रोलर येऊन बसले आणि दोन तास गाड्यांचे मार्ग सांगत राहिले. पाचव्या दिवशी जतचे बिरादार पुन्हा आले. शेवटचा थेंब नळीत उतरला, सिस्टरांनी बाटली खाली काढली, तेव्हा त्या धिप्पाड माणसानं रिकाम्या बाटलीला हात लावून तो कपाळाला लावला.

“झालं बगा,” म्हणाले. डोळ्यांत पाणी होतं. माझ्या औषधाच्या बाटलीसाठी जतच्या आडत्याच्या डोळ्यांत पाणी का यावं? मला विचारायचं होतं, पण ते लगबगीनं निघून गेले.

त्यानंतर पहिला आठवडा बरा गेला. आमच्या गावात त्या वर्षी पंचकल्याणक पूजा होती. जैन समाजात एवढी मोठी पूजा गावात पिढीत एखादवेळीच होते. हजारो माणसं बसतील असा मांडव, आणि तो उभा करायचा मान मला मिळाला होता. आजाराचं कळायच्या आधीच मी शब्द दिला होता. माझा धाकटा भाऊ धनपाल म्हणाला, तू घरात बस, मी बघतो. पण घरात जीव लागेना. उद्या सकाळी ध्वजारोहण आणि आज मांडवाला शेवटचा हात फिरवायचा, तेव्हा मी मास्क लावून कडेला खुर्ची टाकून बसलो. अंगात खिशाचं बनियन, खाली मळकी लुंगी. कापड चढवताना वरच्या माणसांना ओरडून सांगत होतो.

दुपार कलायला लागली तशी मला थंडी वाजायला लागली. बाकीची माणसं घामानं निथळत होती आणि मी खुर्चीत हात पोटाशी घेऊन बसलो होतो. खिशातलं यंत्र काढून जिभेखाली ठेवलं. एकशे एक.

मी मांडवाकडं बघितलं. मधला घुमट अजून चढायचा होता. दोरखंड कुठं आणि किती ताणायचं हे धनपालला माहीत होतं, पण इतका मोठा घुमट त्यानं एकट्यानं कधी चढवला नव्हता. आणि सकाळी ध्वज चढताना समितीची माणसं मला पुढं बोलवणार होती. तेवढं झालं की जाऊ, असं माझ्या मनात आलं. एक रात्रच तर मधे होती. अंगात ताप आहे असंही वाटत नव्हतं, नुसती थंडी.

आणि मग ती खुर्चीच्या हातावरची पांढरी नखं मला दिसली. डोळ्यांपुढं आली म्हणतात ना, तशी. “म्हणा,” ती म्हणाली होती.

मी उठलो. धनपालला हाक मारली. “घुमट तू चढव. मला मिरजेला जायचंय.”

“आत्ता?”

“आत्ता.”

कामावरच्या एका पोरानं गाडी काढली. राजमतीला फोन केला, ती चौकात येऊन थांबली. मला बघून म्हणाली, “अहो, निदान सदरा तरी...” आणि तिथंच थांबली. मग गाडीत बसली. पायात चप्पल नाही हे मला हॉस्पिटलच्या फरशीवर पाय टेकला तेव्हा कळलं.

पुढचं मला तुकड्या-तुकड्यांनी आठवतं. सातपुते सिस्टर धावत आल्या. रक्त घेतलं, लगेच सलाईन, त्यात अँटिबायोटिक. इनामदार बाई कागद बघून कुणाला तरी म्हणाल्या, “पांढऱ्या पेशी जवळजवळ नाहीतच.” नंतर हुडहुडी इतकी भरली की पलंग वाजायला लागला. दोन-तीन दिवस मी कुठं होतो ते राजमतीला माहीत, मला नाही. शुद्धीवर आलो तेव्हा धनपाल समोर उभा होता आणि मोबाईलवर मला घुमट दाखवत होता. जरासा उजवीकडं कललेला, पण उभा.

मी वाचलो. महिन्याभरानं तपासणीला गेलो तेव्हा रक्त वर यायला लागलं होतं. पोटातली वीट मऊ झाली होती. बाईंनी खूप वेळ रिपोर्ट बघितला, मग चष्मा काढून ठेवला.

“मगदूम, त्या दिवशी तुम्ही सकाळपर्यंत थांबला असता ना...”

“तर?”

“तर आज हे आपण बोलत नसतो.”

मी म्हणालो, “बाई, मी थांबणारच होतो. तुम्ही सांगितलेलं मला आठवलं नाही, खोटं कशाला बोलू. ती एक बाई आली होती. कवठेमहांकाळची. जरा वेडसर. तिच्यामुळं निघालो.”

बाई माझ्याकडं बघत राहिल्या. मग म्हणाल्या, “वेडसर नाही हो. ती शालनताई. आता तुम्हाला सांगायला हरकत नाही. त्यांचीच अट होती, औषध पुरं होऊन रक्त वर येईपर्यंत सांगायचं नाही.”

“काय सांगायचं नाही?”

“तुमच्या शेजारी येऊन बसले ते कोण होते, ते. बिरादार माझे या रोगाचे पहिले पेशंट. इचलकरंजीचा मुलगा, कंट्रोलर साहेब, सगळ्यांना हाच रोग. हेच औषध, याच हॉलमध्ये.”

मला आधी कळलंच नाही. मग हळूहळू कळायला लागलं. लाखात एखादा सापडत नाही असा रोग, आणि ज्यांना ज्यांना झाला ती माणसं जतहून, इचलकरंजीहून आपापली कामं टाकून माझ्या शेजारी स्टुलावर येऊन बसली होती. मी त्यांना मेख कशी ठोकायची ते शिकवत होतो.

“बिरादार त्यांच्या औषधाच्या पाच दिवसांत एकटे होते,” बाई सांगत होत्या. “हा रोग झालेला माणूस त्यांनी बघितला नव्हता, मीही फारसे बघितले नव्हते. बरे झाल्यावर म्हणाले, पुढचा कुणी आला की मला फोन करा, मी येऊन बसतो. तेव्हापासून नवा पेशंट आला, की मी फोन करते. येतात बिचारे.”

“आणि शालनताई? त्यांनाही हाच?”

“नाही. त्यांच्या मालकांना. यशवंत कोळेकर. माझे दुसरे पेशंट. औषध छान झालं होतं. दुसऱ्या आठवड्यात संध्याकाळी ताप आला. शेवटची एसटी गेली होती. ते म्हणाले, गोळी घेतो, सकाळी जाऊ. सकाळी जीपमध्ये घालून आणलं. मिरजेच्या अलीकडंच गेले. मी त्यांना सांगितलं होतं, मगदूम. तुम्हाला सांगितलं तेच, तसंच. ते हो म्हणाले होते.”

खिडकीबाहेर कुणीतरी गाडी चालू करत होतं. बाजूच्या खुर्चीतून राजमतीनं माझा हात धरला.

“तिसरा पेशंट आला तेव्हा मी बिरादारांना फोन केला. यशवंतरावांच्या शेजारीही तेच येऊन बसले होते, त्यामुळं ओळख होती; त्यांच्याबरोबर शालनताई आल्या. म्हणाल्या, आमचे हे असते तर त्यांची पाळी असती ना? मी बसते. मी म्हटलं, ताई, तुम्ही काय सांगणार त्यांना? तर म्हणाल्या, मी कोण ते सांगणार नाही. हे औषध घेऊन माझा नवरा गेला, असं सांगितलं तर तो माणूस सुई काढून पळून जाईल. मी तेवढं तापाचं बोलेन आणि येईन. म्हणून मग बाकीच्यांनीही ठरवलं, आपण कोण ते आपणही सांगायचं नाही. एकानं सांगितलं की दुसऱ्याला विचारतात.”

ज्या हॉलमध्ये आपला माणूस औषध घेऊन हसतखेळत घरी गेला आणि मग गेलाच, त्या हॉलमध्ये पुन्हा पाऊल टाकायचं. त्याच बाटलीखाली दोन तास बसायचं. परक्या माणसाच्या पायावरची चादर सारखी करायची. आणि तो आपल्याला वेडी म्हणत घरी जाणार, हे माहीत असून. एवढं बळ माणसात कुठून येतं, ते त्या दिवशीही मला कळलं नाही आणि आजही कळत नाही.

त्याच आठवड्यात आम्ही दोघं कवठेमहांकाळला गेलो. पत्ता विचारायची फारशी गरज पडली नाही. कोळेकरांची गिरण सगळ्यांना माहीत होती. पट्ट्याचा आवाज रस्त्यापर्यंत येत होता. आत डबे घेऊन तीन-चार बायका उभ्या होत्या आणि पिठाच्या धुरळ्यात शालनताई सुपात ज्वारी ओतत होती. केस, भुवया, पापण्या, सगळं पांढरं.

तिनं माझ्याकडं बघितलं. ओळख पटली नाही.

“दळण कुणाचं?” तिनं आवाजावर आवाज चढवून विचारलं.

मी खिशातला मास्क काढून तोंडाला लावला.

तिचा हात थांबला. तिनं वळून खटका पाडला. पट्टा फिरत फिरत हळू झाला, थांबला, आणि एकदम इतकी शांतता झाली की मला माझा श्वास ऐकू येत होता.

“मांडववाले,” ती म्हणाली. “रक्त कसं हाय?”

“चांगलं आहे ताई. वर यायला लागलंय.” मी म्हणालो, “मला ताप आला होता.”

ती एकदम पुढं आली. “ताप आला हुता? कधी?”

“दुसऱ्या आठवड्यात. दुपारी. गावात पूजेचा मांडव चढत होता.”

“मग? मग काय केलं?”

“निघालो. बनियन आणि लुंगीवर. पायात चप्पल पण नव्हती.”

ती माझ्या तोंडाकडं बघत राहिली. मग मागं हात चाचपत पोत्यावर बसली.

“खरंच आला हुता ताप?”

“आला होता.”

आणि ती हसायला लागली. तोंडभरून, लहान पोरीसारखी. मग तिला भान आलं, तिनं पिठाच्या हातानं पदर ओढून तोंडावर धरला. “हसू नये असं. तुम्हाला ताप आला आणि मी मेली हसतेय.” पण हसू थांबत नव्हतं, आणि त्यातच डोळ्यांतलं पाणी गालांवरच्या पिठातून वाट काढत खाली येत होतं. “आजवर एवढ्या जणांजवळ बसले बगा. कुणालाच ताप आला न्हाई. सगळे आपसूक बरे झाले. चांगलंच हाय की ते. पण मला वाटायचं, मी उगाच जाते. उगाच बसून माणसांना भिववते. यांच्यानंतर तुम्हीच पहिले.”

राजमतीनं पुढं होऊन तिचे पाय धरले. ती पाय मागं ओढत “अगं, पीठ लागंल, पीठ लागंल” म्हणत राहिली.

डबा घेऊन उभ्या असलेल्या एका म्हातारीला काही कळेना. तिनं काळजीनं विचारलं, “काय झालं ग शालन? कोण हे?”

शालनताईनं डोळे पुसले. गालावर पांढऱ्याचा पट्टा उमटला.

“जयसिंगपूरचे हायती,” ती म्हणाली. “यांना ताप आला हुता.”

“अगं बाई! मग?”

“मग काय,” शालनताई उठली आणि गिरणीच्या खटक्याला हात घातला. “आला, आणि गेला.”